तेराव्यानंतर सुरू होणारं काम : वीरमरण आलेल्या जवानाच्या घराला काय मिळतं, कसं मिळतं आणि आपण कुठे उपयोगी पडतो

पुण्यात घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालेलं. सुट्टीच्या दिवशी आई-वडील मुलांना घेऊन येतात, कारगिल युद्धात वापरलेलं मिग-२३ विमान दाखवतात, फोटो काढतात. स्मारकाच्या समोर ‘रायगड’ नावाची इमारत आहे. तिथे महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं त्याच्या अखत्यारीत चालतात. स्मारक बऱ्याच पुणेकरांनी पाहिलेलं असतं. समोरच्या इमारतीत काय चालतं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

जवानाच्या अंत्यविधीला हजारोंची गर्दी होते, ‘अमर रहे’च्या घोषणा होतात, आणि त्या मनापासून असतात. पण तेरावा झाला, पाहुणे परतले की घरात एक बाई, दोन म्हातारी माणसं आणि एक-दोन लहान मुलं उरतात. त्यांच्यासमोर कागदांची चळत असते आणि त्यातला एकही कागद त्यांनी आधी पाहिलेला नसतो. तो कागद वेळेत पुढे सरकणं हाही त्या जवानाचा सन्मान आहे. मला तर तो मानवंदनेइतकाच मोठा वाटतो. म्हणून ही सगळी व्यवस्था कशी चालते, ते इथे जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडतो.

पहिले दोन-तीन दिवस

बातमी आधी युनिटकडून घरी कळवली जाते. त्याच वेळी जवळचं लष्करी ठाणं, जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, पोलीस आणि तहसीलदार यांनाही निरोप जातो. घरच्यांना कळेपर्यंत नाव जाहीर करू नये, असा सैन्याचा दंडक आहे. इथेच आपण नागरिक फार मोठी इजा करतो. कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतो, आणि बायकोला नवरा गेल्याचं शेजारणीच्या मोबाइलवरून कळतं. असा फोटो आपल्याकडे आला तर पुढे पाठवायचा नाही, बस.

काश्मीर किंवा ईशान्येकडून पार्थिव विमानाने येतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या जवानांसाठी ते बहुधा लोहगावच्या हवाई दल तळावर उतरतं, तिथे पुष्पचक्र वाहून मानवंदना होते आणि मग गाडी गावाकडे निघते. सोबत युनिटचा माणूस असतो. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत बहुतेक जवानांवर तिकडेच अंत्यसंस्कार झाले. पार्थिव गावी आणण्याची पद्धत सर्रास रुळली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्या युद्धात ५२७ जवान कामी आले, आणि देशभरच्या कितीतरी गावांनी तिरंग्यात लपेटलेली पेटी पहिल्यांदाच पाहिली.

ध्वजाचा नियम स्पष्ट आहे. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवायचा, आणि ध्वज चितेवर जाळायचा नाही की मातीत उतरवायचा नाही. तो सन्मानाने घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो. शस्त्रं उलटी धरून शोक व्यक्त केला जातो, हवेत फैरी झडतात, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही शोकधून वाजते.

या दिवसांत घरातल्या बाईकडून कुठल्याही कागदावर सही घेऊ नका. विमा एजंट, दूरचे नातेवाईक, ‘साहेबांशी माझी ओळख आहे’ म्हणणारे, सगळे येतात. सही आठवड्याभराने केली म्हणून कुठलाही हक्क बुडत नाही. करायचंच असेल तर एक काम करा. घरातला एक शांत डोक्याचा माणूस निवडा आणि एक वही करा. कोण अधिकारी आला, त्याचा हुद्दा काय, नंबर काय, काय म्हणाला, कुठला कागद घेऊन गेला, हे सगळं त्या वहीत तारखेनिशी लिहा. सहा महिन्यांनी हीच वही आठवण म्हणून उपयोगी पडते, कारण त्या दिवसांतलं घरच्यांना पुढे काहीच नीट आठवत नाही.

मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं जातं

ही सगळ्यात गुंतागुंतीची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

‘शहीदाचा दर्जा द्या’ अशी मागणी आपण नेहमी ऐकतो. संरक्षण मंत्रालयाच्या नियमांत असा दर्जाच नाही. तिथे पाहिलं जातं ते मृत्यू कसा झाला. चकमकीत, शत्रूच्या गोळीबारात किंवा सियाचिनसारख्या ठिकाणी कामगिरीवर असताना मृत्यू आलेल्याची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून होते. इतर मृत्यू ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून. पेन्शन ठरवताना ए, बी, सी, डी, ई असे पाच वर्ग लावले जातात.

ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेल्या नैसर्गिक कारणाने आलेला मृत्यू. बी म्हणजे असा आजार, जो सेवेमुळे झाला किंवा बळावला असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केलं. सी म्हणजे कर्तव्यावर असताना झालेला अपघात. डी म्हणजे दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसेत आलेला मृत्यू. ई म्हणजे युद्ध, सीमेवरची चकमक, दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई.

याचा घरखर्चावर काय परिणाम होतो ते एका हिशोबाने पाहू. समजा, जवानाचा मूळ पगार आणि मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी सेवेसाठीची जादा रक्कम, मिळून महिना ४०,००० रुपये होत होते. डी किंवा ई वर्ग असेल तर ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी, पूर्ण ४०,०००. बी किंवा सी असेल तर ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’, ६० टक्के, म्हणजे २४,०००. ए असेल तर साधी कौटुंबिक पेन्शन: पहिली १० वर्षं ५० टक्के म्हणजे २०,०००, आणि त्यानंतर ३० टक्के म्हणजे १२,०००. महागाई भत्ता या सगळ्यांवर वेगळा.

४०,००० आणि १२,००० यांतलं अंतर एका अक्षराने ठरतं. हे अक्षर युनिटचा अहवाल, चौकशी आणि वैद्यकीय मतावरून ठरतं. म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हाती आला की रकमेच्या आधी वर्ग कुठला लावलाय ते बघा. चौकशीच्या अहवालाची प्रत मागा. वर्ग चुकीचा वाटला तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाकडे, अपील करता येतं, आणि तिथे नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ‘वीर परिवार सहायता योजना’ही सुरू झाली आहे, आणि तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांतूनच कायद्याची मदत मिळावी अशी सोय केली आहे. या वाटा माहीत नसल्यामुळे कुणी चुकीच्या वर्गावर आयुष्य काढू नये.

अग्निवीरांचं गणित निराळं आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या मुलाच्या घरच्यांना कौटुंबिक पेन्शन नाही. मृत्यू सेवेमुळे आला असेल तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी (दरमहा पगारातून आणि सरकारच्या वाट्यातून साठणारी रक्कम) असं एकरकमी मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराला सियाचिनमध्ये मृत्यू आला, तेव्हा महाराष्ट्रात हा विषय पहिल्यांदा घराघरांत बोलला गेला. एकरकमी आकडा मोठा दिसतो, पण विशी-पंचविशीतल्या मुलाचे आई-वडील पुढची तीस वर्षं दरमहा कशावर काढणार, हा प्रश्न मला रास्त वाटतो. धोरण ठरवणाऱ्यांनी त्याचं उत्तर द्यायला हवं.

सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यामुळे त्यांच्या पेन्शनचे नियम आणि कल्याण मंडळ वेगळं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. अशा घरांनी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसचे दरवाजे ठोठावण्यात दिवस घालवू नयेत. पहिला संपर्क दलाच्या ग्रुप सेंटरशी, म्हणजे जवानाच्या नोंदी सांभाळणाऱ्या दलाच्याच केंद्राशी.

एकरकमी रकमा

केंद्राचं सानुग्रह अनुदान १ जानेवारी २०१६ पासून असं आहे: कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी हिंसेतला मृत्यू, २५ लाख. सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, किंवा अतिउंचावर आणि टोकाच्या हवामानात कामगिरीवर असताना आलेला मृत्यू, ३५ लाख. युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेला मृत्यू, ४५ लाख. राज्य सरकारची मदत यावर वेगळी असते. तिचे आदेश वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आकडा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच विचारावा.

याशिवाय आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा विमा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे. इतकं सहसा युनिटच मार्गी लावतं. हमखास सुटतं ते बँकेचं. जवानाचं पगाराचं खातं ‘डिफेन्स सॅलरी पॅकेज’मध्ये असेल तर त्यावर अपघात विमा असतो आणि तो दावा बँकेत जाऊन, मुदतीत करावा लागतो. ज्या शाखेत पगार जमा व्हायचा तिथे पहिल्याच महिन्यात लेखी अर्ज द्या. एटीएम कार्डावरचा विमाही विचारा. कर्ज असेल तर त्याला विमा संरक्षण होतं का, तेही.

कामगिरीवर असताना मृत्यू आलेल्या जवानाच्या कुटुंबाची पेन्शन आयकरमुक्त आहे. बँकेने कर कापलाच तर हे दाखवून द्यायचं.

‘त्यांना कोटी मिळाले’ हे वाक्य गावात फार लवकर पसरतं. आणि मग उसने मागणारे, प्लॉट दाखवणारे, महिन्याला पाच टक्के देतो म्हणणारे रांगेने येतात. ज्या बाईने आजवर बँकेत एकटीने पाऊल टाकलेलं नसतं तिच्या खात्यात अचानक मोठी रक्कम असते, आणि नाही म्हणायची ताकद त्या वेळी नसते. माझं सांगणं एवढंच: पहिलं वर्षभर पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहू द्या. जमीन, घर, दुकान, कुणाचा व्यवसाय, काहीही नको. मुलांच्या वाट्याची ठेव मुलांच्या नावे. घरातल्या दिरा-भावांनीच हा पहारा ठेवला तर बाहेरच्याची हिंमत होत नाही.

हक्क कुणाचा

विवाहित जवानाची पेन्शन पत्नीला मिळते. ती मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाच्या नावे करता येत नाही. जवान अविवाहित असेल तर आई-वडिलांना अवलंबितांची पेन्शन मिळते, तिचा दर वेगळा. विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे मात्र जवानाने भरलेल्या नामनिर्देशनाप्रमाणे जातात, आणि त्यात वाटे करून एकाहून जास्त माणसांची नावं घालता येतात.

सासू-सुनेत दरी पडते ती बरेचदा इथे. ज्या आईने मुलगा वाढवला तिला वाटतं, माझं काहीच कसं नाही? सुनेला वाटतं, माझं उभं आयुष्य जायचंय. दोघींचं म्हणणं खरं आहे. कुणाचं दुःख मोठं याचा निवाडा शेजाऱ्यांनी करायचा नसतो. मला दिसणारा मार्ग एकच: विम्याचं नामनिर्देशन जवानाने हयातीतच विचारपूर्वक करावं, आई-वडिलांचा वाटा त्यात ठेवावा, आणि घरात तो सगळ्यांना सांगून ठेवावा.

पुनर्विवाहाबद्दल गैरसमज खूप आहेत. लिबरलाइज्ड पेन्शन पुनर्विवाहाने आपोआप बंद होत नाही. मुलं असतील तर त्यांचा सांभाळ ती करते का, हे पाहिलं जातं. साध्या पेन्शनचे नियम जास्त कडक आहेत: मुलं असलेल्या विधवेने पुनर्विवाह केला तर ती पेन्शन मुलांकडे जाते, निपुत्रिक असेल तर उत्पन्नाची अट पाळून तिला मिळत राहू शकते. शौर्यपदकाच्या भत्त्याचा जुना नियम असा होता की विधवेने पुनर्विवाह केला तर भत्ता थांबायचा, अपवाद फक्त मृत पतीच्या भावाशी लग्न केल्यास. २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे तिशीच्या आतल्या कितीतरी मुलींना इतकी वर्षं भत्ता हवा असेल तर एकच नातं उरत होतं. हा बदल व्हायला इतका उशीर झाला याचं मला दुःख आहे, आणि झाला याचं समाधानही. सासर-माहेरच्यांनी हा नियम नीट समजून घ्यावा, म्हणजे ‘पेन्शन जाईल’ या भीतीने कुणा मुलीचं आयुष्य अडकून राहणार नाही.

कागद

बऱ्याच प्रकरणांचा अडसर एकाच ठिकाणी असतो: पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न, मुलांचे जन्म, पत्नीचं नाव, हे सगळं या आदेशाने सैन्याच्या नोंदीत जातं. तिथे नोंद नसेल किंवा आधार कार्डावर ‘सुनीता’ आणि सैन्याच्या कागदावर ‘सुनिता’ असेल तर फाइल अडते. गावाकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत आहे, त्यामुळे माहेरच्या नावाचे शाळेचे दाखले आणि सासरच्या नावाचं रेशन कार्ड अशी गाठ पडते. ती सोडवायला राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र लागतं.

आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन थांबते, आणि मग घरच्यांना वाटतं सरकारने बंद केली. आधारवरून हा दाखला मोबाइलवर किंवा नागरी सुविधा केंद्रात काही मिनिटांत होतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढलं की पत्नी आणि अवलंबितांना औषधोपचार मिळतात. मुलांच्या शिक्षणासाठी शुल्क, वसतिगृह, पुस्तकं यांची सवलत १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली. मध्यंतरी तिला महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये हटवली. शहरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहंही आहेत.

ज्याला स्वतःला लढाईवर जाता आलं नाही, पण मदत करायची आहे, त्याच्यासाठी इथे खरोखर काम आहे. कुणी निवृत्त सुभेदार, कुणी बँकेतून निवृत्त झालेला कारकून, कुणी शिक्षिका, यांनी आपल्या तालुक्यातल्या एका घराची फाइल वर्षभर सांभाळली तरी पुरे. अर्ज लिहून देणं, सोबत कार्यालयात जाणं, पोचपावती घेणं, पंधरा दिवसांनी विचारपूस करणं. फक्त बाईंना विचारून, त्यांच्या संमतीने, आणि कागदाची मूळ प्रत त्यांच्याच घरात ठेवून.

शेजारपाजार

भेटायला जाताना शब्द सापडत नाहीत, म्हणून आपण ठरलेली वाक्यं बोलतो. ‘देशासाठी गेला, रडू नका.’ ‘आता तूच खंबीर राहायला हवं.’ हे ऐकणाऱ्या बाईला रडायची परवानगीच उरत नाही. त्यापेक्षा त्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, किंवा नुसतं बसा. मुलांना ‘बाबा लांब गेलेत’ असं सांगितलं की ती वाट पाहत राहतात. लहान मुलालाही ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, तू काही चुकीचं केलं नाहीस’ हे साध्या शब्दांत सांगावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शाळेतल्या बाईंनी ‘शहीदाचा मुलगा’ म्हणून त्याला दरवर्षी मंचावर उभं करण्याआधी त्याला हवंय का, ते एकदा विचारावं.

वीरपत्नीच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, आणि मग २६ जानेवारीला तिचाच शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, हे दोन्ही एकाच गावात होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर गावांना तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या सोसायटीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायला कुठल्याही ठरावाची गरज नाही.

काही जणी दुसरी वाट धरतात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेऊन निवड परीक्षा दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून त्या सैन्यात अधिकारी झाल्या. लष्करी विधवांसाठी अधिकारी भरतीत वयाची मर्यादा ३५ पर्यंत आहे, हे अनेकींना माहीत नसतं. पण प्रत्येकीने वर्दी घालावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. जिला अंगणवाडीत नोकरी करायची आहे, पुन्हा शिकायचं आहे, किंवा काही वर्षं नुसतं मुलांकडे बघायचं आहे, तिचाही मान तितकाच.

वडिलांकडे आपलं लक्ष कमी जातं. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेले, परमवीरचक्र मिळालं. त्यांचे वडील स्वतः ब्रिगेडियर होते. २००१ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ते फाळणीपूर्वीचं आपलं गाव पाहायला पाकिस्तानात गेले, तेव्हा ज्यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरने सांगितलं की त्या दिवशी अरुणच्या रणगाड्यासमोरच्या रणगाड्यात मीच होतो. तीस वर्षांनीही एका बापाला हे ऐकावं लागलं, पेलावं लागलं. गावातला जो बाप पाराशी गप्प बसलेला दिसतो, त्याच्याशी पाचव्या वर्षीही बोलायला हवं.

आठवण कशी ठेवायची

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. गावोगावच्या देवळांपुढे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाचे कोरीव दगड, उभे असतात: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. आणि दगडासोबत घराची सोयही असायची. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ या नावाखाली, लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेल्या नेमणुका सापडतात. अपशिंगे मिलिटरी या सातारच्या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांच्या स्मरणाची शिळा आहे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, आणि तिथली हिरवळ आजही नीट राखलेली असते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ पासून, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत.

गावात कमान, चौकाला नाव, शाळेत फलक असं काही करायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा. नाव, हुद्दा, युनिट आणि तारीख त्यांच्याकडून तपासून घ्या. फ्लेक्सवर जवानाच्या फोटोपेक्षा मोठा कुणाचाही फोटो नको. आणि वर्षश्राद्धाला घरी जा. पहिल्या वर्षी जातातच सगळे, चौथ्या वर्षी जा.

पैसे द्यायचे असतील तर कुठे द्यायचे तेही समजून घ्या. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्याचा निधी युद्धविधवा, जखमी आणि माजी सैनिक या सगळ्यांसाठी असतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय व सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गोळा होतो. सैन्यदलांतल्या बॅटल कॅज्युअल्टीच्या कुटुंबांसाठी वेगळा सशस्त्र दल निधी आहे. त्यासाठी ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ २०२२ मध्ये सुरू झालं. ‘भारत के वीर’ हे गृह मंत्रालयाचं, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे दलांसाठी. कुणा एका जवानाच्या नावाने फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकण्याआधी घरच्यांकडून किंवा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्या, कारण अशा प्रसंगी लबाडी करणारेही निघतात. जे जखमी होऊन परतले त्यांना विसरू नका. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात, आणि हे काम १९७४ पासून चालू आहे.

शेवटी ज्यांच्या घरचा मुलगा आज सीमेवर आहे त्यांच्याशी. हा विषय घरात काढणं अशुभ वाटतं, मला ते कळतं. तरीही पुढच्या सुट्टीत तो घरी आला की अर्धा तास काढा. लग्नाची आणि मुलांची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का, पत्नीचं नाव आधार, पॅन, बँक आणि सैन्याच्या नोंदीत एकसारखं आहे का, नामनिर्देशनात कुणाकुणाची नावं आहेत, पगाराचं खातं कुठल्या प्रकारचं आहे, कर्ज किती आहे, एवढं एका कागदावर लिहून घ्या. पती-पत्नीचा जोडफोटो काढून ठेवा. तो कागद पत्नीला आणि आई-वडिलांना दोघांनाही माहीत असेल अशा ठिकाणी ठेवा, आणि बदली किंवा बाळंतपण झालं की त्यात भर घाला.